कोऱ्या समासाचे अप्पासाहेब

अप्पासाहेब छापलेला कागद वाचत नसत, बघत असत. ट्रेडलवरून पहिला कागद उतरला की मशीन चालवणारा हाशा तो दोन कडांना धरून उभा राहायचा आणि अप्पासाहेब मागे मागे सरकत थेट भिंतीला टेकायचे. मान तिरकी करायची, डोळे अर्धवट मिटायचे, आणि मग निकाल द्यायचा. "शोभतंय" किंवा "शोभत नाही." मजकुराशी त्यांचा एवढाच संबंध. मी मुद्रितं तपासायच्या नोकरीवर रुजू झालो त्याच सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "लेले, वाचणारे गावात पुष्कळ आहेत. छपाई ही बघायची गोष्ट आहे. वाचायला बसलात की दृष्टी बिघडते." ज्याला वाचण्याचाच पगार मिळणार होता त्याला हा उपदेश. मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

हा छापखाना आमच्या विद्यापीठाचा. विद्यापीठ म्हटल्यावर कोणी घड्याळाचा मनोरा आणि हिरवळ डोळ्यांसमोर आणू नये. पनवेलच्या तळ्याजवळ एका तांदळाच्या व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. ते त्यानं संस्कृत आणि आयुर्वेद शिकवायला दिलं आणि पाटीवर 'विद्यापीठ' हा शब्द रंगवून घेतला. सरकारनं तो कधीच मानला नाही. पण आमच्याकडे कुलगुरू होते, पदव्या होत्या, पदव्या घेताना घालायचे झगे होते, आणि बाहेरच्या छापखान्यात प्रश्नपत्रिका छापून घेणं विद्यापीठाला कमीपणाचं आहे असं कुलगुरूंच्या मनानं एकदा घेतलं. झालं. जिथे पूर्वी पोती रचत तिथे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी मांडल्या गेल्या, एक जुनं ट्रेडल आलं आणि त्या सगळ्यावर व्यवस्थापक म्हणून अप्पासाहेब आले. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. अक्षरांच्या खणांत त्यानंतरही बरीच वर्षं भाताचा कोंडा सापडत असे.

"मुंबईला मी मोठमोठी कामं हाताळली आहेत" असं अप्पासाहेब येताजाता ऐकवत. ही मोठमोठी कामं म्हणजे गिरगावातल्या एका दुकानातल्या लग्नपत्रिका, हे मला आमच्या जुळाऱ्यानं, उस्मानचाचांनी, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. खिळे जुळवण्यात चाचांचं आयुष्य गेलं होतं, आणि काही काळ ते त्याच दुकानात होते. लग्नपत्रिकांत वाईट काहीच नाही. पण अप्पासाहेबांनी तिथून वेलबुट्टीच्या ठशांची एक पेटी सोबत आणली होती आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नसे. शरीरशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेला चार कोपऱ्यांत चार मोर, 'मूळव्याध व भगंदर' या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आंब्याचं तोरण. एकदा कुलगुरूंनी बिचकत विचारलं, "मोर जरा जास्त होतात का?" अप्पासाहेब म्हणाले, "साहेब, परीक्षा हे विद्यार्थ्याच्या आयुष्यातलं मंगलकार्यच आहे." कुलगुरू खूश. त्या विद्यापीठात कोणालाही खूश करायला असलं एखादं वाक्य पुरत असे.

त्यांचा खरा जीव मात्र समासावर. पानाच्या चारी बाजूंना सोडलेली कोरी जागा म्हणजे त्यांच्या मते छपाईतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. अक्षरं काय, कोणीही छापतो. समास चारी बाजूंनी बरोबर पडला आणि ओळी मापात बसल्या की त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्याचा भाव यायचा. एखादी ओळ लांबली, एखादा परिच्छेद संपता संपता दोन शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसले, की अंगाचा तिळपापड. अशा ओळीला ते 'पोरकी ओळ' म्हणत. "पोरक्या ओळीनं सगळ्या पानाला अवकळा येते, लेले." आणि ही अवकळा घालवायचा त्यांचा उपाय साधा होता. न मावणारे शब्द काढून टाकायचे. लेखकाला विचारायचं नाही, मला तर नाहीच. मी तपासून सही केलेलं शेवटचं मुद्रित बाजूला ठेवायचं, उस्मानचाचांच्या शेजारी उभं राहायचं आणि बोटानं दाखवायचं. हा काढ, हा काढ, आता सरकव कडेला. गिरगावात वरपित्याच्या नावामागची एखादी पदवी उडवून त्यांचा हात बसला असावा. तिथे फार तर व्याही रुसायचा.

एका वर्षी प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर 'खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा' हे दोन मोरांच्या मध्ये मावेना. मोर हलवणं शक्यच नव्हतं. 'प्रश्न सोडवा' एवढंच राहिलं. पोरांनी मुकाट्यानं सगळेच्या सगळे प्रश्न सोडवायला घेतले. संध्याकाळ झाली तरी कोणी उठेना, पर्यवेक्षकांनी कंदील आणवले. उरणचा एक विद्यार्थी हात दुखतो म्हणून रडकुंडीला आला होता. त्याची समजूत काढायला मीच गेलो होतो. पुढे पेपर तपासले, तर एवढं लिहिल्यावर काही ना काही बरोबर निघणारच, सगळे पास. अप्पासाहेब मला म्हणाले, "बघा. निकाल सुधारला की नाही?" त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

चूक हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "विद्यापीठाच्या छापखान्यात चूक होत नाही. झाली तर तो पाठभेद." शुद्धिपत्राचं नाव काढलं की ते कानावर हात ठेवत. "शुद्धिपत्र म्हणजे आपल्याच दारावर आपल्या हातानं चिकटवलेली जप्तीची नोटीस." ही वाक्यं ते खास ठेवणीतली म्हणून वापरत आणि वापरल्यावर माझ्याकडे बघत. मी ती कुठेतरी टिपून ठेवावीत अशी त्यांची अपेक्षा असावी.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे चित्र खोटं होईल. अप्पासाहेबांची पानं देखणी असत. त्या कळकट गोदामात, त्या खुळखुळ्या ट्रेडलवर, झिजलेल्या खिळ्यांतून तो माणूस असं पान काढायचा की हातात घेतल्यावर खाली ठेवू नये. मीही, शिव्या देत का होईना, पुष्कळदा बघत राहिलो आहे. आणि हाशाचं बोट ट्रेडलमध्ये सापडलं त्या दिवशी अप्पासाहेब काळजीत पडले नाहीत असंही नाही. धावत आले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी "कागदाला लागलं का?" असाच विचारला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण मग तोच पांढरा बंद गळ्याचा कोट, ज्यावर शाईचा ठिपका पडला तर घर डोक्यावर घ्यायचे, तो रक्तानं माखवत ते हाशाला दवाखान्यात घेऊन गेले आणि टाके पडेपर्यंत त्याचा दुसरा हात धरून बसले. हाशाच उलट त्यांची समजूत घालत होता, "नाय वो सायेब, बोटूच गेला ना, हात तं हाय." असा माणूस. पुरता वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्याकडे आयुर्वेद शिकवणारे एक शास्त्रीबुवा होते. सगळे त्यांना तेवढंच म्हणत. त्या गोदामात खरं म्हणावं असं जे काही शिकवलं जाई ते यांच्या वर्गात. कर्नाळ्याच्या बाजूचं रान त्यांनी पायाखाली घातलं होतं. उतारवयात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी आपलं सगळं शिकवणं एका पुस्तकात उतरवायचं मनावर घेतलं. ते सांगत आणि विद्यार्थी लिहून घेत. पुस्तक विद्यापीठानं छापायचं आणि पदवीदानाच्या दिवशी प्रत्येक नव्या वैद्याच्या हातात पदवीबरोबर द्यायचं असं ठरलं. मुद्रितं मी त्यांना वाचून दाखवत असे. विषारी औषधांचं प्रकरण त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. बचनागापाशी तर माझा हात धरून म्हणाले, "इथे सावकाश वाचा, लेले. हे जपून दिलं तर औषध आहे, आणि हात सैल सुटला तर माणूस उठत नाही." वाक्य असं होतं : 'शुद्ध बचनाग एक गुंज घेऊन त्याचे आठ भाग करावेत, व त्यांतील एकच भाग रोग्यास द्यावा.' ते शेवटच्या मुद्रितात जसंच्या तसं होतं. मी सही केली.

पदवीदान तोंडावर आलं तेव्हा बांधून आलेली पहिली प्रत मी सहज चाळायला घेतली. पान सुरेख होतं. शेवटची ओळ बरोबर कडेला येऊन थांबली होती. 'शुद्ध बचनाग एक गुंज घेऊन रोग्यास द्यावा.' मी ती ओळ परत वाचली आणि प्रत हातात घेऊनच उठलो.

उस्मानचाचांना विचारलं. ते खिळ्यांची केस पुसत होते, हात न थांबवता म्हणाले, "साहेबांनी खुद उभं राहून काढायला लावलं. दोन-चार लफ्ज पुढच्या पानावर चालले होते. मी बोललो, शास्त्रीबुवांना एकदा विचारा. तर बोलले, उस्मान, तुझं काम जुळवायचं."

मी तसाच अप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, लांब धरलं आणि म्हणाले, "पोरकी ओळ होती. आता पान कसं बसलंय बघा."

"अप्पासाहेब, हे वाचून कोणी औषध दिलं तर माणूस मरेल."

"वैद्य काय पुस्तक उघडून औषध देतो?"

मी म्हटलं, तेवढं पान नवं छापून घालू. ते म्हणाले, "बांधणी उसवायची? माझ्या हयातीत नाही." मग निदान शुद्धिपत्र चिकटवू. त्यावर काय उत्तर आलं ते सांगायला नको. मी कुलगुरूंकडे गेलो. कुलगुरूंना समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांची चिंता होती. ते म्हणाले, "अप्पासाहेबांचा शब्द आहे तर समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू." विष कधी द्यायचं ते समारंभाच्या सोयीनं ठरवणारे हे विद्येचे कुलगुरू. आणि पुस्तकांचे गठ्ठे अप्पासाहेबांनी आपल्या खोलीत कुलपात ठेवले, हात लागून पानं मळतील म्हणून.

शेवटी मी शास्त्रीबुवांना सांगितलं. ते काठी टेकत छापखान्यात आले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते चिडले नाहीत, पण उभे होते ते बसले नाहीत.

"अप्पासाहेब, त्या पुस्तकावर माझं नाव आहे."

"ठळक अक्षरात घातलंय, शास्त्रीबुवा. भोवती वेलही आहे."

"मला तो दिसत नाही. माझी पोरं आता गावोगाव जातील. आपट्याला, उरणला, पार डोंगरातल्या वाड्यांवर. तिथे त्यांना विचारायला कोणी नसेल. मी वर्गात काय बोललो ते विसरतील, आणि छापलेलं ते खरं मानतील."

"तुम्ही उगाच जिवाला लावून घेता," अप्पासाहेब म्हणाले, आणि शास्त्रीबुवांसाठी चहा मागवला. चहा आला तोवर शास्त्रीबुवा निघून गेले होते.

पदवीदान तळ्याजवळच्या मांडवात झालं. झगे, तुतारी, पाहुण्यांचं लांबलचक भाषण. प्रत्येकाला पदवी आणि पुस्तक मिळालं. अप्पासाहेब पहिल्या रांगेत, शुभ्र कोटात, पुस्तकांकडे बघून डोलत होते. शेवटी आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला शास्त्रीबुवांना उभं केलं. आशीर्वाद बाजूलाच राहिला. ते वर्गात बोलत तशाच आवाजात म्हणाले, "पुस्तक उघडा. बचनागाचं पान काढा. शेवटची ओळ चुकीची छापली आहे. मी सांगतो ते शेजारच्या समासात लिहा. लिहिल्याशिवाय इथून कोणी उठायचं नाही."

मांडवात माना खाली गेल्या, पानं उलटू लागली. मग खिशांतून लेखण्या निघायला लागल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी शेजाऱ्याकडे मागितल्या. पाहुणे कुलगुरूंकडे बघत होते आणि कुलगुरू तळ्याकडे. शास्त्रीबुवांनी ओळ सांगितली, पुन्हा सांगितली, आणि मग एकेकाला नावानं हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवायला लावली. एवढ्यात अप्पासाहेब उठले. मला वाटलं, आता भांडणार. पण त्यांचा चेहरा पार पडला होता. रांगांमधून फिरत ते पोरांना अजिजीनं सांगत होते, "पेन्सिलीनं लिहा रे. निदान पेन्सिलीनं." कोणी ऐकलं नाही. ज्या जागेसाठी त्या माणसानं ते शब्द उपटून टाकले होते त्याच जागेत ते शाईनं, वेड्यावाकड्या अक्षरांत परत येत होते. मला इतका आनंद झाला की तो लपवायचंही भान राहिलं नाही.

त्यानंतर अप्पासाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले. कोणी त्यांना काढलं नाही. तसं काही करण्याची आमच्या विद्यापीठात पद्धत नव्हती. ते यथावकाश निवृत्त झाले, शाल-नारळ झाला, मानपत्राला मोर होते. शास्त्रीबुवा त्याआधीच गेले होते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काही निघाली नाही.

काही वर्षांनी कळलं की अप्पासाहेबांनी अंथरूण धरलंय. जावं की नाही असा विचार करत करत मी गेलो. उरण नाक्याजवळ दोन खोल्यांत मुलाकडे राहत होते. फार वाळले होते, पण अंगातला सदरा परीटघडीचा. मला बघून त्यांना आनंद झाला, तो खरा होता, आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. जुन्या गोष्टी निघाल्या. हाशाची चौकशी केली, उस्मानचाचांची केली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "लेले, तुम्हाला एक चीज दाखवतो." सूनबाईंना त्यांनी कपाटातून धुतलेल्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणायला सांगितलं.

ते शास्त्रीबुवांचं पुस्तक होतं. नवं कोरं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"सगळ्या प्रतींची रया गेली त्या दिवशी," ते म्हणाले. "ही मी आधीच बाजूला काढली होती. ही एकच स्वच्छ राहिली." त्यांनी ते उशीशी उभं करून ठेवलं आणि बघत राहिले. "नातू यंदा आपल्याकडेच वैद्यकीला बसलाय. हुशार आहे. त्याला हीच देणार."

मी विचारलं, "त्याला सांगितलंत का, आत काय आहे ते?"

"काय असणार? पुस्तक आहे."

मला त्यांची कीव आली आणि तितकाच संतापही आला. इतक्या वर्षांत त्यांनी ती ओळ एकदाही वाचली नव्हती. मी पुस्तक घेतलं, चिकटलेली पानं नखानं सोडवत बचनागाचं पान काढलं आणि खिशातलं पेन उघडलं. मी काय करणार ते त्यांच्या लक्षात आलं. उठून बसायला गेले, जमलं नाही. "नको, लेले," एवढंच म्हणाले. डोळे भरून आले होते. आजारी माणसाला असं रडवणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. मी समासात लिहिलं : 'एका गुंजेचे आठ भाग करून त्यांतील एकच.' खाली ठळक रेघ मारली.

अप्पासाहेबांनी मान भिंतीकडे वळवली. सूनबाई चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. मी शाई वाळेपर्यंत ते पान उघडं धरून बसलो.